यादीतली बारावी लिफ्ट

टॉवरचं उद्घाटन परवावर येऊन ठेपलं होतं आणि ताईच्या ऑफिसात गेले चार दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. ताई म्हणजे लिफ्टच्या कंपनीतली प्रोग्रामर. तिचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात असेल तेवढंच. बाकी साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे, कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ त्याच कंपनीत मेकॅनिक होता आणि तो दिवसातून पन्नास वेळा 'ए ताई' करून हाक मारायचा. ऐकून ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

भावाला मात्र सगळे 'काटा' म्हणत. वजनकाट्यातला काटा. त्याचं असं होतं की प्रत्येक लिफ्टला आत किती वजन आहे ते कळावं लागतं, नाहीतर ती माणसं कोंबून घेईल आणि मध्येच कुठेतरी अडकून बसेल. म्हणून नव्या लिफ्टची चाचणी घेताना बटणांच्या वरच्या पट्टीवर आतलं वजन किलोत दिसत राहतं. आत ठाऊक असलेलं वजन ठेवायचं आणि पट्टीवर तोच आकडा येतोय का ते बघायचं. दुसऱ्या कंपन्या लोखंडी वजनं उचलून नेतात. या कंपनीकडे काटा होता. रोज सकाळी तो बुटांसकट ऑफिसातल्या वजनकाट्यावर उभा राहायचा आणि रोज सकाळी आकडा यायचा, ब्याऐंशी. इकडचा तिकडे नाही.

"मी माणूस नाहीच मुळी," तो म्हणायचा. "मी अधिकृत माप आहे. मला शिक्का मारून घ्या."

बाकीचे हसत. ताईला मात्र त्या ब्याऐंशीचं मनापासून कौतुक होतं. कारण हाच पठ्ठ्या जन्मला तेव्हा दीड किलोचा होता. हातात घेतला तर घेतल्यासारखाच वाटायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज वजन करा, वाढलं तर जगेल. तेव्हा दहा वर्षांची ताई रोज त्याला दुपट्यात गुंडाळून दवाखान्यात न्यायची आणि घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीने आकडा लिहायची. एक सहाशे. एक सहाशे पन्नास. ज्या दिवशी दोन किलो झालं त्या दिवशी आई आणि ती त्या दाराशीच बसून रडल्या होत्या. पुढे आई गेली. जाताना तिने दुसरं काही सांगितलं नाही, "त्याच्याकडे बघ गं" एवढंच. ताईने बघितलं. शाळेत घातलं, कामाला लावलं, खाऊपिऊ घालून ब्याऐंशीवर आणून ठेवलं.

तर, परवा उद्घाटन आणि काम अडलेलं. कुठे अडलं होतं ते सांगायला हवं. सॉफ्टवेअर लिफ्टपर्यंत पोचवायचं काम एका बाहेरच्या यंत्रणेकडे होतं. ती दुसऱ्या शहरातल्या मुख्य कचेरीत बसलेली. ऑफिसात तिला पोस्टमन म्हणत. आपण पोस्टमनकडे लिफ्टच्या क्रमांकांची यादी द्यायची, एक ते अकरा. त्याने ती टॉवरमधल्या संगणकाकडे न्यायची. तिथे ताईने लिहिलेली स्क्रिप्ट बसलेली, म्हणजे ओळीने पार पाडायच्या हुकमांची एक फाईल. स्क्रिप्टने एकेक क्रमांक वाचायचा, ती लिफ्ट तळमजल्यावर बोलवायची, दार उघडायचं, नवं सॉफ्टवेअर चढवायचं. झालं काम.

पण होत नव्हतं. पोस्टमन सगळे क्रमांक एकाच पाकिटात कोंबून द्यायचा. स्क्रिप्टला वाटायचं ही एकच लिफ्ट आहे आणि तिचं नावच 'एक स्वल्पविराम दोन स्वल्पविराम तीन' असं अकरापर्यंत लांबलचक आहे. अशी लिफ्ट काही सापडायची नाही, मग ती हात वर करून मोकळी. चार दिवस ताई त्या एका पाकिटापायी डोकं फोडून घेत होती. पोस्टमनला समजावून झालं, मुख्य कचेरीशी भांडून झालं, साहेबांची बोलणी खाऊन झाली.

आणि त्या दिवशी सकाळी दात घासताना तिला एकदम सुचलं. पोस्टमनला शहाणं करायच्या नादी लागायचंच कशाला? पाकीट येऊ दे तसंच. स्क्रिप्टनेच ते फोडायचं, प्रत्येक स्वल्पविरामापाशी तोडायचं, क्रमांक सुटे करायचे आणि मग कामाला लागायचं. चार ओळींचं काम! ती तोंडात ब्रश तसाच धरून हसायला लागली. चपला उलट्यासुलट्या घालून ऑफिसात पोचली, चार ओळी लिहिल्या आणि साडेदहाला बटण दाबलं.

पडद्यावर ओळी भराभरा उतरल्या.

पाठवल्या: ११.
पोचल्या: १२.

"सुटले!" साहेब मागून ओरडले. "सुटे झाले गं आकडे! वाघीण आहेस!" त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की पेनांचा डबा आडवा झाला. सगळं ऑफिस गोळा झालं, टाळ्या काय, शिट्ट्या काय. ताईलाही आनंदाने काही सुचेना. एक, दोन, तीन, थेट अकरापर्यंत, प्रत्येक क्रमांक स्वतःच्या ओळीवर ऐटीत उभा. त्यांच्या खाली बारावी ओळ होती. ती कोरी होती.

कोऱ्या ओळीचं तिला विशेष वाटलं नाही. यादीच्या शेवटी एक स्वल्पविराम चुकून जास्तीचा राहिला की असं होतंच. स्क्रिप्ट तिथेही तोडते आणि काही नसलेला एक तुकडा हाती येतो. या धंद्यातल्या प्रत्येकाने ही चूक एकदा तरी केलेली असते. तिने यादी उघडली. शेवटी स्वल्पविराम नव्हता. बारीक नजरेने पुन्हा बघितलं. नव्हताच. "असेल कुठेतरी लपलेला," ती स्वतःशी म्हणाली, 'कोरा तुकडा आला तर सोडून दे' अशी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली आणि पुन्हा बटण दाबलं.

पाठवल्या: ११. पोचल्या: १२.

बारावी ओळ आता कोरी नव्हती.

१२: येत आहे.

ताईने काट्याला फोन लावला. तो समोरच होता, रस्त्यापलीकडे टॉवरच्या तळमजल्यावर. ताईच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून टॉवरचा काचेचा दर्शनी भाग दिसायचा, आतली गुळगुळीत दगडी फरशी आणि डाव्या हाताच्या सहा लिफ्टची दारं दिसायची. उजवी बाजू खांबाआड जायची.

"तुझ्याकडे लिफ्ट किती रे?"

"सकाळी सकाळी परीक्षा घेतेस का? डावीकडे सहा, उजवीकडे पाच. अकरा."

"उजवीकडे सहाव्या जागी काय आहे?"

"भिंत. आणि भिंतीपुढे ही भलीमोठी झाडाची कुंडी. का गं? बारावी हवीय तुला? कुंडीत पेरू का एक?"

"चेष्टा नको. नीट बघ."

त्याच्या बुटांचा आवाज लांब गेला, परत आला. "भिंतच आहे. ठोकून बघितली, भरीव आहे. फक्त गार लागतेय हाताला. रिसेप्शनवाल्या बाई म्हणतात, सकाळपासून त्या बाजूने गार वारा येतोय, शाल घेऊन बसल्यात."

ताईने फोन ठेवला. तिच्यात एक खोड होती, चांगली खोड: कोडं पडलं की भीतीच्या आधी उत्साह यायचा. बाह्या सरसावून ती बसली. पोस्टमनची नोंद काढली. त्याने नेले होते अकराच क्रमांक. स्क्रिप्टची नोंद काढली; तिला मिळाले बारा. मध्ये होती ती फक्त तार. बारावा क्रमांक तारेत तर उगवत नाही! तिने पारडं हलकं करून बघायचं ठरवलं आणि यादीत एकच लिफ्ट ठेवून धाडली, सात नंबरची.

पाठवल्या: १. पोचल्या: २.

७: आली. दार उघडलं. भार ०.
१२: येत आहे.

मग तिने यादी पूर्ण रिकामी केली, एकही क्रमांक ठेवला नाही, आणि बटण दाबलं.

पाठवल्या: ०. पोचल्या: १.

"साहेब," ती म्हणाली, "जरा इकडे या."

साहेबांनी वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही हटेना. "अकरा चालतायत ना? मग बारावीचं कशाला घेऊन बसलीस! तिला दारातूनच परत पाठव आणि दुपारी चाचणी उरकून टाक. उद्या मालक बघायला येणार आहेत."

तेही खरंच होतं. तिने आणखी एक ओळ घातली: एक ते अकरा यांच्याशिवाय काहीही आलं तरी घेऊ नकोस. दुपारी तीनला शेवटची फेरी सोडली तेव्हा अख्खं ऑफिस तिच्या खुर्चीमागे दाटीवाटीने उभं होतं.

पाठवल्या: ११. पोचल्या: ११.

काय गलका झाला म्हणता! साहेब चक्क नाचले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही तिला सवड नव्हती, कारण लगेच चाचणी सुरू करायची होती. तिने कानाला फोन लावला.

"काटेसाहेब, तयार?"

"कधीचा! हाक मार."

त्यांच्या कामाची एक ठरलेली रीत होती. नव्या इमारतीत दारांवर क्रमांकाच्या पाट्या शेवटच्या दिवशी लागतात, तोवर सगळी दारं सारखीच. त्यामुळे कुठल्या दारात शिरायचं ते काटा स्वतः ठरवत नसे. ताई पडद्यावरची यादी वाचणार, तो हाकेसरशी पुढच्या दारात शिरणार, ती वजन वाचून दाखवणार, तो "बरोबर" म्हणून कागदावर खूण करणार. लिहायचं त्याने, वाचायचं तिने. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि एकदाही चूक झाली नव्हती. सगळ्यात शेवटी दोघांनी मिळून एका लिफ्टमध्ये उभं राहायचं, तिचे अठ्ठावन्न आणि त्याचे ब्याऐंशी, एकशे चाळीस आले की काम संपलं. त्या शेवटच्या चाचणीत तो हटकून म्हणायचा, "ताई, तुझं वजन जगजाहीर करणारं हे एकच खातं."

"एक," ताई म्हणाली.

"आलो."

"ब्याऐंशी."

"बरोबर."

"दोन."

"आलो."

"ब्याऐंशी."

"बरोबर. अगं, काय मस्त चालतायत! लोण्यासारख्या!"

तीन, चार, पाच, सहा. खिडकीतून तो दिसत होता, एका दारातून बाहेर, दुसऱ्यात आत, पेन्सिल कानामागे, चालीत नाचल्यासारखा झोक. मग तो खांबाआड उजव्या बाजूला गेला. सात. आठ. प्रत्येक आकडा आला की ऑफिसात आरोळी उठायची. ताईचा आवाज चढला होता, हाकेला ताल आला होता, हाक, उत्तर, आकडा, आरोळी. नऊ. दहा. अकरा.

"ब्याऐंशी!"

"बरोबर!"

"बारा," ताई म्हणाली.

पडद्यावर होतं म्हणून वाचलं. अकराच्या खाली होतं. हाक तोंडातून गेली आणि मग तिचं तिला ऐकू आलं.

"आलो," काटा म्हणाला. "कुंडी कुणीतरी बाजूला केलेली दिसतेय. हिला आरसा आहे बघ. बाकी कुणाला नाही."

मागची आरोळी थांबली नव्हती. साहेब कुणाला तरी मिठी मारत होते.

१२: आली. दार उघडलं. भार ८२.

"बाहेर ये," ताई म्हणाली.

"काय?"

"बाहेर ये! आधी बाहेर ये!"

"अगं, वजन तरी सांग..."

१२: दार बंद.

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू आला. तो जवळून येत होता, अगदी कानाशी. मग कुठलीतरी दोरी ताणल्यासारखा बारीक आवाज, आणि काही नाही.

ताई धावली. जिन्याने धावली, लिफ्टकडे तिने बघितलंही नाही. चार मजले, मग रस्ता. एका गाडीने करकचून ब्रेक दाबला, ड्रायव्हर ओरडला. तिच्या मनात एकच होतं, दारामागची ती पेन्सिलीची रांग. एक सहाशे. एक सहाशे पन्नास. काचेचं दार ढकलून ती आत शिरली.

डावीकडे सहा दारं. उजवीकडे पाच. सहाव्या जागी भिंत, भिंतीपुढे कुंडी.

आणि कुंडीपाशी काटा, खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"काय गं?" त्याने वर बघितलं. "एवढी धापा टाकत? आग लागली का?"

ताईने त्याचे दोन्ही दंड धरले. हातांना शर्ट लागला, शर्टाच्या आतला दणकट दंड लागला. तिने त्याला गदागदा हलवलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं आणि भर तळमजल्यावर मोठ्याने रडायला लागली.

"अगं, अगं! लोक बघतायत."

"कुठे गेला होतास?"

"कुठे म्हणजे? तू बारा म्हणालीस, शिरलो. तू ओरडलीस, बाहेर आलो." त्याने मागे बोट दाखवलं. बोट कुंडीकडे गेलं. तो थांबला, डोकं खाजवलं आणि हसला. "घ्या! अकरातच दोनदा शिरलो वाटतं. तुझ्या ओरडण्याने डोकं फिरलं माझं."

असंच झालं असणार. झालंच असणार! ताईच्या अंगातून भीती उतरली. हा उभा आहे समोर, हसतोय, कानामागे पेन्सिल आहे. आणखी काय हवं? फोन वाजला. साहेब होते, आवाजात नुसता उत्सव.

"कुठे पळालीस? अगं, पडद्यावर अकराच आहेत! पाठवल्या अकरा, पोचल्या अकरा. बारावी गेली एकदाची! मी रिकामी यादी पण धाडून बघितली. पाठवल्या शून्य, पोचल्या शून्य! जिंकलो आपण! शेवटची जोडीची चाचणी उरकून या दोघं."

"आलोच, साहेब!" ताई म्हणाली. ती रडता रडता हसत होती. आयुष्यात इतका आनंद तिला दुसऱ्या कशाचा झाला नव्हता, दोन किलो झाले त्या दिवसानंतर तर नाहीच.

रिसेप्शनवाल्या बाई शाल सावरत उठल्या होत्या. "हे बाहेर कधी आले?" त्यांनी हळूच विचारलं. "मी इकडेच बघत होते."

"आता काय, आलेत ना!" ताई म्हणाली आणि काट्याला हाताला धरून जवळच्या उघड्या दारात ओढून घेऊन गेली.

लिफ्टचं दार मिटलं. आत नव्या रबराचा वास होता. काटा नेहमीसारखाच उभा राहिला, पट्टीकडे पाठ करून, कागद तळहातावर, पेन्सिल टेकवलेली. लिहायचं त्याने, वाचायचं तिने.

"ताई," तो म्हणाला, "तुझं वजन जगजाहीर करणारं हे एकच खातं."

ती हसली. हसत हसत तिने पट्टीकडे बघितलं.

अठ्ठावन्न.

तिने आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघितली. तो स्थिरच होता. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. सत्तावन्न झाले, पुन्हा अठ्ठावन्न.

"किती?" काट्याने विचारलं.

त्याच्या मानेवरचे केस घामाने ओले होते. कॉलरची एक बाजू आत दुमडली गेली होती. तिने हात पुढे करून ती नीट केली.

"सांग की गं. किती?"

"एकशे चाळीस," ताई म्हणाली.

"बरोबर," तो म्हणाला आणि त्याने खूण केली.